दोन मिनिटांचं ओपनिंग: जॉनर आणि कथनाची पद्धत कशी ठरवायची

मास मीडियाच्या वर्गात किंवा केंब्रिजच्या ए-एस लेव्हल मीडिया स्टडीजमध्ये हे काम हमखास असतं: एका नव्या, काल्पनिक चित्रपटाची सुरुवात बनवा, श्रेयनामावलीसकट, जास्तीत जास्त दोन मिनिटं. गटात तीन-चार जण असतात. पहिल्या बैठकीत ‘हॉरर की थ्रिलर’ यावर, म्हणजे जॉनरवर (चित्रपटाच्या प्रकारावर), मतदान होतं आणि कॅमेरा बाहेर निघतो. पंचाईत एडिटच्या टेबलावर होते, कारण कथा कोणाच्या नजरेतून सांगायची आणि प्रेक्षकाला कधी काय कळू द्यायचं, हे कोणी ठरवलेलंच नसतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. दुसरी आणि पाचवी टाळाल तर बाकीच्यांचा फारसा उपयोग नाही.

1. काम नेमकं काय आहे ते वाचा

ओपनिंग म्हणजे शॉर्टफिल्म नाही. शॉर्टफिल्मला शेवट लागतो, इथे शेवट केला तर पुढच्या दोन तासांना काही उरत नाही. ओपनिंग म्हणजे ट्रेलरही नाही. ट्रेलर अख्ख्या चित्रपटातले तुकडे उचलतो आणि ‘लवकरच’ म्हणतो. तुमची दोन मिनिटं सलग असायला हवीत, म्हणजे 121व्या सेकंदाला चित्रपट तिथूनच पुढे चालू राहील असं वाटलं पाहिजे.

सूचनापत्रातल्या चार गोष्टींखाली रेघ मारा: वेळेची मर्यादा, गटात किती जण चालतात, संगीत बाहेरचं घेता येतं का, आणि सोबत लेखी काय द्यायचं आहे. चित्रण स्वतःचंच असावं लागतं. नेटवरून उचललेला ड्रोनचा शॉट किंवा खऱ्या निर्मितीसंस्थेचा लोगो घातला तर गुण जातात.

2. जॉनरच्या आधी हाताशी काय आहे त्याची यादी करा

एका कागदावर चार रकाने पाडा.

- जागा: कोणाचं घर, गच्ची, कॉलेजची लॅब, सोसायटीचं पार्किंग, नातेवाइकाचं दुकान. प्रत्येकीपुढे ती सलग किती तास मिळेल ते लिहा.
- माणसं: कोण अभिनय करेल आणि त्याचं वय काय.
- प्रकाश आणि वेळ: तिथे दिवसा उजेड कुठून येतो, रात्री कोणते दिवे असतात.
- आवाज: मंदिर, शाळा, हायवे, लिफ्ट, पंप. ती जागा कोणत्या वेळी शांत असते?

वयाचा रकाना सगळ्यात कठोर असतो. सतरा वर्षांच्या मुलाला इन्स्पेक्टरची वर्दी चढवली की गॅदरिंगचं नाटक दिसतं, मग कॅमेरा कितीही भारी असो. पात्रं तुमच्याच वयाची ठेवा किंवा खरोखरच्या काका-मावशींना उभं करा. तिसरा मार्ग म्हणजे मोठ्या माणसाचा चेहराच दाखवू नका: हात, पाठ, दाराआडचा आवाज यांवर भागवा.

3. जॉनर निवडा, आणि त्यातलाही पोटप्रकार

जॉनर म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द. समीक्षक स्टीव्ह नील यांचं म्हणणं असं की जॉनर पुनरावृत्ती आणि फरक या दोन्हींवर चालतो: ओळखीचं काही हवं, आणि नवंही हवं. चित्रपट-अभ्यासक रिक अल्टमन यांनी 1984 साली त्यात आणखी एक भेद केला. एकीकडे दिसणाऱ्या खुणा (अंधार, चाकू, रिकामा रस्ता), दुसरीकडे त्या खुणांमधलं नातं (कोण कोणाला घाबरतं, कशासाठी). विद्यार्थ्यांचं काम बहुधा खुणांवरच थांबतं. अंधार असतो, चाकू असतो, पण कोण काय गमावू शकतं याचा पत्ता नसतो.

नुसतं ‘थ्रिलर’ लिहू नका. मानसशास्त्रीय, गुन्हेगारी की राजकीय, ते ठरवा. मग त्याच पोटप्रकारातल्या चार चित्रपटांची पहिली तीन मिनिटं स्टॉपवॉच लावून पाहा आणि लिहा: पहिला चेहरा कोणत्या सेकंदाला दिसतो, पहिला संवाद कधी येतो, चित्रपटाचं नाव कधी येतं, एकूण कट किती. चारांत जे समान सापडेल ती पुनरावृत्ती. फरक तुम्ही आणायचा आहे.

आता विद्यार्थ्यांच्या परिस्थितीत कोणता जॉनर कितपत झेपतो ते.

मानसशास्त्रीय थ्रिलर सर्वात सोयीचा. एक जागा, एक-दोन माणसं आणि नेमका आवाज एवढ्यावर उभा राहतो. म्हणूनच निम्मा वर्ग तोच घेतो, तेव्हा फरकाची जबाबदारी वाढते.

हॉरर स्वस्त वाटतो, पण तसा नाही. मोबाईलचा छोटा सेन्सर अंधारात दाणेदार, चिखलासारखं चित्र देतो, आणि भीती चित्रापेक्षा आवाजातून येते, ज्यावर कोणी वेळ खर्च करत नाही. अंधार दाखवायचा तर उजेड लावूनच दाखवावा लागतो: एक दिवा पात्राच्या मागे किंवा बाजूला, बाकी खोली काळी. पांढरी साडी, आरशातला चेहरा आणि आपोआप हलणारा झोपाळा यांना या वर्षी सुट्टी द्या.

सामाजिक नाट्य कमी गट घेतात, आणि माझ्या मते हीच खरी संधी आहे. खऱ्या जागा, खरी बोली, नैसर्गिक उजेड. धोका एकच, पात्र भाषण देऊ लागतं. समस्या संवादात सांगू नका, वस्तूत दाखवा: थकलेल्या फीची चिठ्ठी, दोनदा शिवलेली चप्पल.

विनोदी आणि रोमँटिक कॉमेडी अभिनयाच्या टायमिंगवर चालतात. गटात खरोखर हसवणारं कोणी असेल तरच घ्या. ऐतिहासिक काळ नको, फ्रेममध्ये विजेच्या तारा, डिश अँटेना आणि चकचकीत टाइल्स घुसतातच. विज्ञानकथा एका बदललेल्या नियमावर जमते (‘या शहरात संध्याकाळी सातनंतर बोलायला बंदी आहे’), यंत्रांवर नाही.

4. एकच प्रश्न ठरवा

फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी कथेतल्या संकेतांपैकी एक कोड्याचा संकेत सांगितला: प्रश्न उभा करायचा आणि उत्तर लांबवायचं. दोन मिनिटांत असा एक प्रश्न पेलतो. तीन घातले तर प्रेक्षक एकही धरत नाही. प्रश्न एका वाक्यात, पात्राच्या नावासकट लिहा. ‘काहीतरी रहस्यमय घडतं’ हा प्रश्न नव्हे.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक उदाहरण धरू. पुण्याच्या पेठांमधली, स्पर्धा परीक्षेवाल्यांची अभ्यासिका. रात्रीचे अकरा. रेवा शेवटची उरली आहे. बाहेर पडताना ती नोंदवहीत सही करायला जाते, तर तिच्या नावापुढे ‘बाहेर: 9.10’ अशी नोंद आणि सही आधीच आहे. प्रश्न: रेवाच्या नावाने सही कोणी केली, आणि ती आत नाही असं कोणाला भासवायचं आहे?

हीच जागा, हीच वही ठेवून जॉनर बदलून पाहा. सही तिच्याच अक्षरात असली आणि तिला काही आठवत नसलं, तर मानसशास्त्रीय. सहीखाली ‘आजपासून प्रवेश बंद, फी बाकी’ असं लिहिलं असलं, तर सामाजिक नाट्य. सहीशेजारी कोणी बदाम काढला असला, तर रोमँटिक कॉमेडी. सामान तेच, वस्तूंमधलं नातं बदललं. हा सराव तुमच्या कल्पनेवर करा. तीन जॉनरमध्ये ती तितकीच नीट बसत असेल, तर तुमचा जॉनर अजून ठरलेला नाही.

5. कथनाची पद्धत: कोणाला किती माहीत?

पद्धत निवडताना ‘फ्लॅशबॅक घ्यायचा का’ इथून सुरुवात करू नका. आधी हे ठरवा: प्रेक्षकाला पात्रापेक्षा कमी माहीत असणार, तेवढंच, की जास्त? बाकी सगळं त्यातून निघतं.

थ्रिलरचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण इथे कामी येतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. बॉम्ब आहे हे त्याला आधी दाखवलं आणि टेबलाशी माणसं साध्या गप्पा मारत राहिली, तर पंधरा मिनिटांची धास्ती.

प्रेक्षक पात्राएवढंच जाणतो. कॅमेरा रेवासोबत राहतो, ती पाहील तेच आपण पाहतो. वही तिला दिसते तेव्हाच आपल्याला दिसते. रहस्यासाठी उत्तम, आणि चित्रीकरणाला सोपं. अट एक: तिच्या नजरेबाहेरचा एकही शॉट नको. ती वाचत असताना तिच्या मागचं दार हलताना दाखवलंत, की पद्धत मोडली.

प्रेक्षक जास्त जाणतो. पहिल्याच शॉटमध्ये एक हात वहीत ‘9.10’ लिहितो. मग रेवा निवांत अभ्यास करते, चहा ओतते, मैत्रिणीला मेसेज करते. तिच्या प्रत्येक साध्या हालचालीला आता वजन येतं. नवख्या गटाला मी हीच पद्धत सुचवेन, कारण अभिनय साधाच लागतो, ताण माहितीतून तयार होतो.

प्रेक्षक कमी जाणतो. रेवाला सही कोणाची ते ठाऊक आहे. ती वही पाहते, हसते, पान फाडून खिशात घालते. कमी वेळात पात्र उभं राहतं, पण अभिनेत्री चांगली हवी.

हे ठरलं की मांडणीचं तंत्र निवडा.

*मधूनच सुरुवात.* रेवा जिन्यावरून धावते आहे, हातात फाटलेलं पान. हे चालतं, पण त्यानंतर काळ्या पडद्यावर ‘तीन दिवसांपूर्वी’ ही पाटी आली की परीक्षक उसासा टाकतात. मागे जायचंच असेल तर पहिल्या दृश्यामुळे दुसऱ्याकडे बघण्याची नजर बदलली पाहिजे. धावणारी रेवा पाहिल्यावर शांत बसलेल्या रेवाच्या टेबलावरचं ते पान आपण शोधू लागलो, तर पाटीची गरजच नाही.

*फ्लॅशबॅक.* दोन मिनिटांत शक्यतो टाळा. प्रेक्षकाला अजून वर्तमानच नीट कळलेला नसतो, त्याला भूतकाळात नेऊन परत आणायला वेळ उरत नाही.

*व्हॉइसओव्हर.* दिसतं तेच सांगत असेल तर काढून टाका. चित्राशी विसंगत असेल तर ठेवा: आवाज म्हणतो ‘त्या रात्री मी नऊलाच घरी गेले होते’, आणि घड्याळात अकरा. अविश्वसनीय निवेदक, म्हणजे ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही असा, एका वाक्यात तयार होतो. वीस सेकंदांत आरामात 35 ते 40 शब्द बसतात, त्यावर जाऊ नका.

*समांतर दृश्यं.* अभ्यासिका आणि रेवाचं घर आलटूनपालटून. जागा दोन म्हणजे चित्रीकरणाचे दिवस दोन. जोडणारा एक धागा हवाच, जसं की दोन्हीकडे वाजणारा तोच फोन. नाहीतर दोन वेगवेगळे चित्रपट दिसतात.

*एकसलग शॉट.* रुबाब मोठा, धोकाही मोठा. एडिटमध्ये सुटकेचा मार्ग नाही. अर्धा दिवस तालीम आणि भरपूर टेक यांची तयारी असेल तरच.

कथांच्या रचनेचे अभ्यासक त्झ्वेतान तोदोरोव यांचा समतोल-बिघाड-नवा समतोल हा ढाचा वर्गात शिकवतात, म्हणून अनेक जण तो अख्खा दोन मिनिटांत कोंबतात. ओपनिंगमध्ये समतोल आणि बिघाडाची पहिली चाहूल एवढंच येतं. बिघाडाची जागा साधारण 60 ते 90 सेकंदांच्या मध्ये धरा.

6. 120 सेकंदांचा हिशोब

कागदावर वेळ मांडा. ‘प्रेक्षक जास्त जाणतो’ पद्धतीने रेवाचं ओपनिंग असं बसेल:

- 0–12: वहीत लिहिणारा हात. चेहरा नाही. पेनाचा आवाज.
- 12–50: अभ्यासिका, रेवा, थर्मासमधला चहा. नावं इथे.
- 50–75: बाकीचे निघतात, पंखे एकेक बंद होतात.
- 75–100: रेवा वहीजवळ येते, वाचते.
- 100–114: बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज.
- 114–120: चित्रपटाचं नाव.

श्रेयनामावली शेवटी चिकटवायची गोष्ट नाही, ती स्टोरीबोर्डातच (शॉटगणिक चित्रं काढलेल्या आराखड्यात) काढा. प्रत्येक पाटी मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतकी, म्हणजे साधारण तीन सेकंद राहू द्या. नऊ पाट्या म्हणजे 27 सेकंद, त्या काळ्या पडद्यावर घालवल्या तर जवळपास पाव चित्रपट गेला. म्हणून ज्या शॉटवर पाटी येणार, त्यात एका बाजूला मोकळी जागा सोडून फ्रेम लावा. रूढ क्रम: निर्मितीसंस्था, प्रमुख कलाकार, संगीत, संकलन, छायालेखन, निर्माता, लेखन, आणि सर्वात शेवटी दिग्दर्शक. चित्रपटाचं नाव कलाकारांनंतर येतं किंवा अगदी शेवटच्या कटवर.

देवनागरीसाठी मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत: मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘बलू’ (Baloo), किंवा ‘पॉपिन्स’ (Poppins). एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली (‘श्र’चे तुकडे, वेलांटी भलत्या जागी) तर मजकुराच्या सेटिंगमध्ये ‘साउथ एशियन’ असा पर्याय आहे का पाहा. तरीही जमलं नाही तर पाट्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक पीएनजी करून आणा. रक्तासारखा ओघळणारा फॉन्ट नको.

7. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:

- एका पानाची कल्पना: प्रश्न, पोटप्रकार, पद्धत, प्रेक्षक कोण
- पाट्यांसह स्टोरीबोर्ड आणि शॉटची यादी
- जागेच्या मालकाचं सहीचं परवानगीपत्र
- कलाकारांचं संमतीपत्र; 18 वर्षांखालील असतील तर पालकांची सही
- संगीत आणि ध्वनींच्या परवान्याची नोंद: कुठून घेतलं, श्रेय द्यावं लागतं का
- निर्णयांची वही: काय बदललं आणि का. लेखी भागात गुण याच्यावर मिळतात, आणि आठवणीतून नंतर लिहिलेलं परीक्षकाला लगेच ओळखू येतं.

रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय चित्रण करू नका, ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणूनही नाही. खेळण्यातलं पिस्तूल किंवा नकली रक्त घेऊन रस्त्यावर उतरू नका, लोक पोलिसांना बोलावतात. बंद आवारात करा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा.

सामान: मॅन्युअल सेटिंग चालणारा मोबाईल किंवा कॅमेरा, ट्रायपॉड, कॉलर माइक, हेडफोन, दोन एलईडी दिवे, उजेड परतवायला पांढरा थर्माकोल, एक्स्टेंशन बोर्ड, गॅफर टेप, पॉवर बँक. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप मोबाईलला मॅन्युअल सेटिंग देतं. एडिटला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते.

8. शूटिंगच्या दिवशी काय बिघडतं

*पट्टे.* आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. शटर (एक फ्रेम टिपायला लागणारा वेळ) 1/60 सेकंद असेल तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) 25. आयफोनमध्ये त्यासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं पाल (PAL) फॉरमॅट सुरू करावं लागतं. सगळ्यांचे फोन एकाच फ्रेम रेटवर आहेत ना, ते पहिल्या शॉटआधी तपासा. 25 आणि 30 मिसळले की हालचाल अडखळते.

*वेळ.* प्रकाश, कॅमेरा आणि तालीम धरून एका सेटअपला (कॅमेरा आणि दिव्यांच्या एका मांडणीला) 15 ते 20 मिनिटं जातात. 25 सेटअप म्हणजे सहा ते आठ तास. शॉटची यादी चाळिसावर गेली असेल तर आदल्या रात्रीच कात्री लावा. कथेचा कणा असलेले शॉट (इथे हात, वही, रेवाचा चेहरा) पहिल्या दोन तासांत घ्या, सुंदर वाटणारे शेवटी.

*संध्याकाळ.* निळसर उजेड महाराष्ट्रात सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. त्यात दोन, फार तर तीन सेटअप होतात.

*आवाज.* पंखा, फ्रिज, एसी बंद करा. फ्रिज बंद केलात तर स्वतःची चावी त्यात ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू केल्याशिवाय घरी जाणार नाही. प्रत्येक जागेचा 30 सेकंदांचा रूम टोन (त्या जागेचा स्वतःचा मंद आवाज), सगळे स्तब्ध उभे असताना, रेकॉर्ड करा. तो नसला तर प्रत्येक कटला मागचा आवाज तुटतो. ध्वनीची सर्वोच्च पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. पेन, कुलूप, पाण्याची बाटली असे आवाज नंतर वेगळे, माइक जवळ धरून घ्या.

*सलगपणा.* घड्याळ, ओढणी, चहाची पातळी. प्रत्येक टेकनंतर मोबाईलवर फोटो काढणारा एक माणूस नेमा आणि त्याला दुसरं काम देऊ नका. दोन पात्रं समोरासमोर असतील तर त्यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवा, नाहीतर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात.

9. एडिट आणि चाचणी

पहिला कट संगीताशिवाय लावा. संगीत काढल्यावर दृश्य पडत असेल तर दोष कटमध्ये आहे. पहिला कट बहुतेक तीन मिनिटांचा येतो. तेव्हा प्रत्येक शॉटमधून अर्धा-अर्धा सेकंद खरवडत बसू नका, एक अख्खा प्रसंग काढा. सहसा तो पहिलाच असतो: गजर वाजतो, पात्र उठतं, दात घासतं. रंग गडद करण्याआधी सगळे शॉट एका उजेडात आणा. आणि फाइल ज्या पडद्यावर दाखवली जाणार आहे त्यावर एकदा चालवून पाहा, कारण वर्गातला प्रोजेक्टर गडद चित्र हमखास गिळतो.

मग ज्यांना काहीच माहीत नाही अशा तीन जणांना दाखवा. आधी काही सांगू नका. विचारा: हा कोणत्या प्रकारचा चित्रपट आहे? पुढे काय कळावं असं तुम्हाला वाटतं? पहिलं उत्तर चुकलं तर आधी आवाज आणि पाट्यांचा फॉन्ट बदलून पुन्हा दाखवा, अनेकदा तेवढ्यात भागतं. दुसऱ्याला तिघांनी तीन वेगळे प्रश्न सांगितले तर चौथ्या पायरीकडे परत जा आणि तुमच्या प्रश्नाशी संबंध नसलेले शॉट काढा. आणि कोणी ‘छान ट्रेलर आहे’ म्हणालं, तर शेवटच्या वीस सेकंदांतले झटपट कट काढून तिथे एकच लांब शॉट ठेवा.